चिठ्ठीवर लिहून आणलेली गोळी

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. दिवसभर बोलणे हाच माझा धंदा. पण २०२४ च्या रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या मेडिकलच्या काउंटरसमोर उभी राहिले आणि तोंडून शब्द फुटेना. काउंटरवर माझाच एक जुना विद्यार्थी होता. मागे दोन माणसे उभी होती. मी पर्समधली छोटी डायरी काढली, एक पान फाडले, त्यावर 'फ्लुकोनॅझोल १५०, चार' असे लिहिले आणि पुढे सरकवले. त्याने चार छोटी पाकिटे काढली. एका पाकिटात एकच गोळी. ती वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली आणि विचारले, "मिस, और कुछ?" मी म्हणाले, "नहीं बेटा."

डॉक्टरांची चिठ्ठी त्याने मागितली नाही. घरातून निघताना मलाही तिची आठवण झाली नव्हती. गोळी अम्मीसाठी होती.

अम्मीचे वय तेव्हा सदुसष्ट. बारा वर्षांपासून मधुमेह. रमजान सुरू व्हायच्या आधीपासून ती न्हाणीघरात फार वेळ काढू लागली होती. आधी वाटले, उन्हाळा लागलाय, गरम होत असेल. मग भाभीने सांगितले की साबण लवकर संपतोय आणि बादलीत जंतुनाशकाचा वास येतोय. नमाजच्या आधी वुजू करून यायची, जानमाजवर उभी राहायची आणि पुन्हा न्हाणीघरात जायची. एका रात्री तरावीहनंतर मी तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा हळूच म्हणाली, "पाक नहीं लगता, बेटा. नीचे बहुत खुजली है. किसीको बोलू नक्को."

किसीको बोलू नक्को. हे वाक्य आमच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना सांगत आल्यात.

मी दोन भाषांची शिक्षिका, म्हणून नंतर या शब्दांचा विचार केला. मराठीत बायका म्हणतात, 'अंगावरून पांढरे जाते'. आमच्या दखनीत 'सफेद पानी'. हकीमसाहेबांच्या उर्दूत 'सैलान-उर-रहम'. तिन्ही भाषांत शब्द आहे, पण तो फक्त काय वाहते ते सांगतो. का वाहते, खाज आहे की वास आहे, आग होते की दुखते, यातले काहीच त्यात येत नाही. एकाच शब्दाखाली चार-पाच वेगवेगळे आजार झाकले जातात आणि मग त्या सगळ्यांवर एकच गोळी आणली जाते. मीही तेच केले.

माझ्याकडे कारण होते. तीन वर्षांपूर्वी माझी दाढ सुजली होती, तेव्हा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. त्यानंतर मलाही असाच त्रास झाला. मी एका लेडी डॉक्टरकडे गेले. त्यांनी तपासले, पाळी कधी आली ते विचारले, दिवस राहिले नाहीत ना याची खात्री केली, आणखी कोणती औषधे चालू आहेत ते विचारले आणि एक गोळी लिहून दिली. फक्त एक. दोन-तीन दिवसांत आराम पडला. माझ्या लक्षात राहिली ती गोळी. गोळीच्या आधीचे पाच प्रश्न मी विसरून गेले.

अम्मीने पहिली गोळी इफ्तारनंतर घेतली. दुसऱ्या दिवशी खाज तशीच. मी म्हटले, अजून एक घे. तिसऱ्या दिवशी थोडी कमी वाटली, म्हणून अजून एक. चौथ्या दिवशी शेवटची. चार दिवसांत चार गोळ्या झाल्या.

पाचव्या दिवशी मी शाळेत परीक्षेच्या सुपरव्हिजनला होते. जोहरनंतर भाभीचा फोन आला. अम्मी जानमाजवर बसल्या बसल्या घामाने भिजली होती, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. भाईने मशीनवर शुगर तपासली. ४८. भाभीने पाण्यात तीन-चार चमचे साखर विरघळवून ग्लास तोंडाला लावला, तर अम्मीने तोंड फिरवले. रोजा होता. भाभीने तिची मान धरली आणि म्हणाली, "अम्मी, रोजा अल्लाह माफ करेगा, मेरेकू तुमारे बेटे माफ नहीं करेंगे." आणि पाजले. त्या दिवशी अम्मी वाचली ती भाभीमुळे. शुद्ध पूर्ण हरपली असती तर मात्र तोंडात काही घालायचे नसते, घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाते, हे आम्हाला नंतर दवाखान्यात समजले.

मी पोचले तेव्हा अम्मीला दाखल करून घेतले होते, हाताला ग्लुकोज लावले होते. डॉक्टरांनी विचारले, "नवीन काही औषध सुरू केलंय का?" भाई म्हणाला, नाही. भाभी म्हणाली, नाही. अम्मीने डोळे मिटले होते. मी तिथेच उभी होते. समोर भाई होता, बाजूच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक होते. मी काही बोलले नाही.

अर्धा तास मी गप्प बसले. ही गोष्ट लिहायला मला इतका काळ लागला तो या अर्ध्या तासामुळे. शेवटी व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून सांगितले. त्या दोन क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या, मग वॉर्डात परत जाऊन नर्सला म्हणाल्या, "आजी आज रात्री इथेच राहतील. दर दोन तासांनी शुगर बघा." साखर चढली की घरी सोडायचे असे आधी ठरत होते. त्या रात्री अडीच वाजता अम्मीची शुगर पुन्हा खाली आली. ती घरी असती तर सहेरीसाठी उठवायला गेल्यावरच आम्हाला कळले असते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बसवून समजावले. अम्मी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड नावाची गोळी घेत होती. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि साखर खाली आणते. तिचे काम झाले की यकृतातले एक एन्झाइम तिला मोडून टाकते. फ्लुकोनॅझोल नेमके तेच एन्झाइम अडवते. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. म्हणून मी घरी भाभीला असे सांगितले: नळ रोजच्याएवढाच सुटला आहे, पण मोरीच्या जाळीत फडके अडकले आहे, आता पाणी साचणारच. ग्लिमेपिराइड रोजचीच होती. तिला बाहेर जायची वाट राहिली नाही.

त्यात आम्ही दुसरी चूक केली. फ्लुकोनॅझोल शरीरातून फार सावकाश जाते. निरोगी माणसातही निम्मे औषध जायला साधारण तीस तास लागतात. म्हणून तर १५० मिलिग्रॅमची एकच गोळी पुरते. ती एका दिवसात काम करत नाही, पुढचे काही दिवस करत राहते. आम्ही पहिली निम्मीही गेलेली नसताना दुसरी दिली, मग तिसरी, मग चौथी. चौथ्या गोळीनंतर अम्मीच्या अंगात एका गोळीच्या दुप्पट औषध साठले होते. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि सदुसष्टाव्या वर्षी, बारा वर्षांच्या मधुमेहानंतर मूत्रपिंडे तरुणपणीसारखी चालत नाहीत. म्हणजे दुप्पट हा हिशोबही कमीच धरला पाहिजे.

तिसरी चूक गोळी आणण्याच्या आधीची. रमजानच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन शुगरच्या औषधांच्या वेळा बदलून घ्यायच्या असतात. आम्ही गेलो नव्हतो. अम्मी सकाळची ग्लिमेपिराइड सहेरीला घेऊन दिवसभर उपाशी राहत होती. या तिन्हींपैकी कशाचा वाटा किती, ते वेगळे काढता येत नाही, असे डॉक्टर म्हणाल्या. एकेकटी गोष्ट कदाचित निभावली असती. तिन्ही एका आठवड्यात आल्या.

मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी डोक्याला हात लावला. दोन महिन्यांपूर्वी अम्मीला शुगरची एक नवीन गोळी सुरू झाली होती, डापाग्लिफ्लोझिन. चांगली गोळी आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही तिचा फायदा होतो. पण ती साखर कमी करते ती लघवीवाटे बाहेर टाकून. लघवीत साखर आली की त्या जागी बुरशीला आयते खाद्य मिळते. हा त्या गोळीचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, स्त्रियांना आणि पुरुषांनाही होतो. म्हणजे अम्मीची खाज एका गोळीतून आली होती, ती घालवायला आम्ही दुसरी आणली आणि दुसरीने तिसरीला भडकवले. अम्मीने खाजेबद्दल पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगितले असते तर ही साखळी तिथेच तुटली असती.

आता थोडे त्या आजाराबद्दल. आपल्या भगिनींना हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

उर्दूत यीस्टला खमीर म्हणतात. नानवाला पिठात घालतो ते. कॅन्डिडा हे त्याच्या कुळातले एक खमीर. ते बहुतेकांच्या अंगात थोडेफार असतेच आणि काही करत नाही. त्याच्या बरोबर राहणारे चांगले जिवाणू त्याला काबूत ठेवतात. अँटिबायोटिकने ते जिवाणू मेले, रक्तातली साखर वाढली, स्टेरॉइडची औषधे चालू असली किंवा दिवस राहिले, की खमीर फुगते. मग खाज, आग, लाली, आणि दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट पांढरा स्राव. वास फारसा नसतो. स्राव पातळ, राखाडी आणि मासळीसारख्या वासाचा असेल, किंवा पिवळा-हिरवा फेसाळ असेल, तर तो बहुधा वेगळा आजार असतो आणि त्यावर फ्लुकोनॅझोल काहीही काम करत नाही. पाळी गेलेल्या बाईला नुसत्या कोरडेपणानेही खाज येते. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये, लगेच डॉक्टर गाठावा.

अम्मी दिवसातून चार-पाच वेळा साबणाने आणि जंतुनाशकाच्या पाण्याने धूत होती. पाकीसाठी. त्याने चांगले जिवाणू मेले, कातडी सोलली आणि त्रास वाढला. डॉक्टर म्हणाल्या, साधे पाणी, तेही बाहेरूनच, मग कोरडे पुसायचे, सुती कपडे घालायचे. तहारतसाठी साधे पाणी पुरते, हे आमच्या दीनमध्ये लहानपणीच शिकवतात.

आणखी एक गोष्ट कुजबुजत विचारली जाते. खमीरचा हा त्रास चारित्र्याचा पुरावा नाही. लग्न न झालेल्या मुलीला होतो, साठीच्या विधवेला होतो. नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला सहसा औषधही लागत नाही. कितीतरी बायका नवऱ्याला संशय येईल या धास्तीने गप्प राहतात. त्यांना हे एवढेच माहीत असले तरी पुष्कळ झाले.

आणि ती गोळी? ती वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचे नाव आहे. साध्या त्रासात एक गोळी बहुतेकींना बरे करते. मळमळ, डोकेदुखी, पोटदुखी यापलीकडे बहुतेकींना काही होत नाही. पण ती घेण्याआधी काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर ही गोळी स्वतःहून मुळीच घेऊ नये. २०१६ साली डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात ती घेणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण जास्त दिसले आणि त्यानंतर अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने सावधगिरीचा इशारा दिला. अशा वेळी डॉक्टर क्लोट्रिमॅझोलची क्रीम किंवा आत ठेवायची गोळी देतात, साधारण सात रात्री. अंगावर पाजणाऱ्या आईनेही डॉक्टरांना तसे सांगूनच घ्यावी.

घरात शुगरच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन, फिटची फेनिटॉइन, कोलेस्टेरॉलची अॅटोर्व्हास्टॅटिन असे काही चालू असेल तर ते आधी सांगावे. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर सांगावे. पित्ताच्या कितीतरी गोळ्यांमध्ये डॉम्पेरिडोन असते. ते आणि फ्लुकोनॅझोल एकत्र आले तर ठोक्यांची लय बिघडू शकते. आपण पित्ताच्या गोळीला औषध समजतच नाही, म्हणून ती सांगायची राहते. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेही.

गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ उठले, कातडीला किंवा ओठांना फोड आले, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, छाती धडधडली किंवा चक्कर आली, तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठावा. पूर्वी याच गोळीने एकाच जागी काळा डाग पडला असेल, तर ते विसरू नये. ती अॅलर्जी असते.

तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर याचा अर्थ अजून एक गोळी असा नसतो. आजार दुसरा असू शकतो, किंवा या गोळीला न जुमानणारी खमीरची दुसरी जात असू शकते. त्रास जास्त असला तर डॉक्टर दुसरी गोळी देतात, पण तीही तीन दिवसांच्या अंतराने. वर्षातून तीन-चार वेळा त्रास झाला तर स्राव तपासून घ्यावा आणि रक्तातली साखर तर नक्कीच पाहावी. कितीतरी बायकांना आपला मधुमेह असाच कळतो.

पैशाचा प्रश्न असेल तर सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथे तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. अशा स्रावासाठी तिथे हिरव्या रंगाचे एक पाकीट असते, त्यात हीच गोळी दुसऱ्या एका औषधाबरोबर असते. तिथे जायला लाज वाटते, मला ठाऊक आहे. पण तिथली नर्स दिवसाला तुमच्यासारख्या अनेकींना बघते. तिला त्यात काही नवीन नाही.

लाजेबद्दल मी पुष्कळ विचार केला. हया हा ईमानचा भाग आहे, हे आम्ही शाळेत मुलींना शिकवतो आणि मी पुढेही शिकवेन. पण हजरत आयेशा यांनी मदीनेतल्या अन्सारी बायकांचे कौतुक केले होते ते यासाठी की दीनमधले प्रश्न विचारताना त्यांना लाज आडवी येत नसे. त्या पाळीबद्दल, गुस्लबद्दल थेट पैगंबरांना विचारत. इतके मोकळे विचारणाऱ्या बायकांचा वारसा सांगणारे आपण, आणि मी दवाखान्यात अर्धा तास गप्प उभी होते. ती हया नव्हती. मला माझ्या भावासमोर अवघडल्यासारखे होत होते, एवढेच, आणि त्यासाठी मी अम्मीची रात्र पणाला लावली.

अम्मीला तपासले, स्राव तपासायला पाठवला. खमीरच निघाले. नवीन गोळी डॉक्टरांनी बदलली, ग्लिमेपिराइड बंद केली आणि क्लोट्रिमॅझोल रात्री झोपताना वापरायला दिले. रात्री वापरल्याने रोज्याचा मसलाही उरत नाही, पण त्या वर्षी अम्मीचे रोजे तसेही थांबले होते. ती खूप रडली. आजारी माणसाला रोज्याची सवलत कुरआननेच दिली आहे, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिनेच मला लहानपणी ते शिकवले होते. फिदिया काढून ठेवताना ती पैसे दोन-दोनदा मोजत होती.

आता आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला आहे. डावीकडे उर्दूत, अम्मीसाठी. उजवीकडे मराठीत, दवाखान्यातल्या नर्ससाठी. अम्मीच्या सगळ्या गोळ्यांची नावे, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची. पित्ताची गोळीसुद्धा. कुणाही डॉक्टरकडे जाताना त्याचा फोटो दाखवायचा, हा घरातला नियम.

पुढच्या वर्षी शाबान महिन्यातच अम्मीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. नंबर आला तशी मी सवयीने तिच्यामागून आत जायला उठले. तिने दारातच मला थांबवले.

"तू बाहर बैठ," ती म्हणाली. "मेरेकू कुछ पूछने का है."